वर्षासहली, मनाई आदेश आणि बेवारस धबधबे

- खास प्रतिनिधी

मृगाचा पाऊस घाटमाथ्यावर स्थिरावला, की मुंबई-पुण्याच्या आसपास दोन गोष्टी हमखास घडतात. शनिवार-रविवारी लोणावळा, माळशेज, ताम्हिणी, भंडारदरा या वाटांवर वाहनांच्या रांगा लागतात आणि कोणत्या ना कोणत्या जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो. पहिली गोष्ट दुसरीला फारशी बधत नाही, हा आजवरचा अनुभव आहे. वर्षासहलींचे वेड नवे नाही आणि त्यात गैरही काही नाही. आठवडाभर कार्यालयात आणि लोकलच्या गर्दीत घुसमटलेल्या माणसाला दोन तासांच्या अंतरावर ढगात बुडालेला डोंगर मिळतो, हे या दोन शहरांचे भाग्यच म्हणायचे. त्या डोंगरावर जाणाऱ्यांची काळजी नेमकी कोणी घ्यायची, हा प्रश्न मात्र इतक्या अपघातांनंतरही अनुत्तरित आहे.

३० जून २०२४ चा रविवार पुणेकर विसरलेले नाहीत. लोणावळ्यातील भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात पुण्यातील एक कुटुंब खडकावर उभे असताना पाण्याचा लोंढा वाढला. एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसे पाहता पाहता प्रवाहात गेली. एक महिला आणि चार बालके दगावली. काठावर माणसे होती, भ्रमणध्वनीचे कॅमेरेही होते, दोर नव्हता. दुसऱ्याच दिवसापासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. पूर्वी कलम १४४ खाली निघणारे मनाई आदेश आता कलम १६३ खाली निघू लागले. कलमाचा क्रमांक बदलला, आदेशाचा मजकूर ओळखीचाच राहिला: खोल पाण्यात उतरू नये, कड्याच्या टोकावर छायाचित्रे काढू नयेत, मद्यपान करू नये, धोकादायक ठिकाणी चित्रफिती करू नयेत.

हद्द कोणाची?

भुशी धरण रेल्वेचे. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे, म्हणून एकोणिसाव्या शतकात ते बांधले गेले. मागचा डोंगर आणि धबधबा वन खात्याच्या हद्दीत. गर्दी आवरायची पोलिसांनी, कचरा उचलायचा नगरपरिषदेने आणि अपघात झाल्यावर आदेश काढायचा महसूल खात्याने. धरणाच्या पायऱ्यांवर बसलेला पर्यटक पन्नास पावले मागे चालत गेला, की तो एका खात्याच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात जातो. त्याला ते ठाऊक नसते. दुर्दैवाने खात्यांनाही ते आठवते, ते जबाबदारी झटकण्याची वेळ आल्यावरच.

कुंडमळ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. तळेगाव दाभाडेजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, पर्यटकांसह कोसळला. चार जण मृत्युमुखी पडले, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. नव्या पुलासाठी निधीही मंजूर झालेला होता. नव्हते ते एवढेच, की पूल प्रत्यक्ष बंद करणारे लोखंडी अडथळे आणि रविवारी तेथे उभा राहणारा एखादा माणूस. फलक लावला की कर्तव्य संपले, ही समजूत आपल्या प्रशासनात इतकी खोल रुजली आहे, की अपघातानंतरची पहिली प्रतिक्रिया 'आम्ही सूचना दिली होती' अशीच असते.

बंदीने काय साधते?

खारघरच्या पांडवकड्यावर जाण्यास अनेक वर्षे पावसाळ्यात मनाई होती. तरी ऑगस्ट २०१९ मध्ये चार महाविद्यालयीन तरुणी तेथील प्रवाहात वाहून गेल्या. रायगड जिल्ह्यात भिरा गावाजवळच्या देवकुंडावरही बंदीचे आदेश निघत आले आहेत. माणगाव तालुक्यातील कुंभे धबधब्याच्या परिसरात १६ जुलै २०२४ रोजी चित्रीकरण करताना एक तरुणी सुमारे तीनशे फूट खोल दरीत कोसळली. बचाव पथकांनी तासन्‌तास खटपट करून तिला वर आणले, पण ती वाचली नाही. भुशीच्या दुर्घटनेला तेव्हा पुरते तीन आठवडेही झाले नव्हते.

शेजारच्या गोव्याचा अनुभवही विचारात घ्यावा असा आहे. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाल्यानंतर गोवा सरकारने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी केली. त्यानंतरच्याच रविवारी, १६ जुलै रोजी, शेकडो तरुण दूधसागर पाहण्यासाठी रेल्वेमार्गावरून चालत निघाले. रेल्वे पोलिसांनी त्यांना अडवले आणि काहींना रुळांशेजारीच उठाबशा काढायला लावल्या. त्या चित्रफिती पाहून करमणूक झाली खरी, पण रेल्वेच्या अरुंद मार्गावर एवढा जमाव पोहोचेपर्यंत कोणालाच थांबवता का आले नाही, हे कोणी विचारले नाही. याच दूधसागरवर पावसाळा संपल्यावर कुळ्याहून जीपगाड्या सुटतात, पर्यटकाला जीवरक्षक जाकीट घालावे लागते आणि डोहाशी जीवरक्षक असतात. म्हणजे धबधबा तोच; ये-जा नियंत्रित असली की धोका आटोक्यात राहतो. सरसकट बंदी हा त्या मानाने स्वस्त उपाय आहे. तिला एक कागद पुरतो.

पाणी 'अचानक' येत नाही

प्रत्येक अपघाताच्या बातमीत 'अचानक पाणी वाढले' हे वाक्य असते. बुडणाऱ्याच्या दृष्टीने ते खरेच असते, पण सह्याद्रीच्या रचनेकडे पाहिले तर त्यात आश्चर्य काहीच नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा डोंगर झाला. वर पठार, मग एकदम सरळ कडा आणि खाली कोकण. काळ्या बेसॉल्टच्या कातळात पाणी मुरते थोडे, वाहते फार. म्हणूनच आपले बहुतेक धबधबे चार महिन्यांचे पाहुणे असतात आणि म्हणूनच ते इतक्या लवकर फुगतात.

साधा हिशेब करावा. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा लाख लिटर पाणी होते. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र दोन चौरस किलोमीटर धरले आणि वर तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला, तर दहा कोटी लिटर पाणी त्या एका घळीकडे निघते. त्यातले निम्मे मुरले वा अडले असे मानले, तरी पायाखालच्या खडकावर उभे राहणे शक्य नाही. घाटमाथ्यावर असा पाऊस दुर्मीळ नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला होता. शिवाय वर सरी कोसळत असताना खाली डोहाशी उघडीप असू शकते. पाणी गढूळ होणे, काटक्या आणि पाने वाहून येणे, ओढ्याचा आवाज जड होणे या खुणा डोंगरातल्या माणसाला कळतात. गाडी लावून भजी खाऊन थेट पाण्यात उतरणाऱ्याला त्या कोणी सांगितलेल्या नसतात. फलकावर 'धोका' एवढेच लिहिलेले असते. धोका कसा ओळखावा हे नसते.

पूर्वी हे शिक्षण गिर्यारोहण संस्थांकडून मिळे. मुंबई, पुणे, नाशिकच्या जुन्या मंडळांमध्ये नवख्याला मोहिमेच्या म्होरक्याचे ऐकावे लागे आणि 'आज येथूनच परत' असे म्होरक्याने म्हटले, की विषय संपे. आता समाजमाध्यमांवर एक जाहिरात टाकली, माणशी काही शे रुपये घेतले आणि बस ठरवली, की कोणीही आयोजक होतो. साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेविषयी राज्य सरकारने जुलै २०१८ मध्ये शासन निर्णय काढला, २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरणही आणले. नोंदणी, प्रशिक्षित म्होरके, प्रथमोपचाराची तयारी हे सारे कागदावर आहे. पहाटे चार वाजता पायथ्याशी उतरणाऱ्या पन्नास जणांच्या बसपाशी जाऊन नोंदणी आहे का, असे विचारणारा अधिकारी मात्र कोणत्या खात्याचा, हे त्या कागदावरून उमगत नाही.

दोर कोणाच्या खांद्यावर?

अपघात झाला, की पोलीस पहिला दूरध्वनी करतात तो स्वयंसेवकांना. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स आणि अशीच इतर गावोगावची पथके नोकरीधंदा सोडून, बहुतांशी स्वतःच्या हिमतीवर दरीत उतरतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ तळेगावजवळ सुदुंबरे येथे आहे आणि त्यांचे काम वादातीत आहे. पण कड्यातल्या अपघातात पहिले दोन-तीन तास स्थानिकांचेच असतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत वाहनाचा रस्ता नव्हता. इर्शाळगडाला जाणारी पायवाट माहीत असलेले गिर्यारोहक त्या रात्री पावसात वर पोहोचले. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न जण बेपत्ताच राहिले. ज्या वाटेवर रविवारी सहली जातात, तीच वाट संकटात एकमेव मार्ग ठरते, हे त्या रात्री दिसले. या पथकांना विमा, दोरांचा खर्च आणि कामावरची भरपगारी रजा देणे सरकारला अवघड नाही. त्यांच्या सत्काराचे कार्यक्रम मात्र नियमित होतात.

गावकऱ्यांची बाजू बहुधा कोणी ऐकतच नाही. बंदीचा आदेश निघाला, की धबधब्याच्या वाटेवरचा चहावाला, जेवणाची ताटे देणारी घरे आणि वाट दाखवणारी मुले यांचा हंगाम बुडतो. पावसाळ्याचे ते दहा-बारा शनिवार-रविवार हीच त्यांची वर्षाची रोख कमाई. चोरून जाणारे पर्यटक आडवाटेने जातात, त्यांना वाटाड्याही नको असतो. याउलट प्रवेशशुल्क घेऊन, संख्या ठरवून आणि स्थानिक वाटाड्या सक्तीचा करून वाट उघडी ठेवली, तर ओढा कधी फुगतो हे जाणणारा माणूस प्रत्येक गटाबरोबर राहील. वनव्यवस्थापन समित्यांच्या मार्फत हे करता येते.

संख्या ठरवण्याची निकड आता वाढली आहे. जुलै २०२३ मध्ये लोहगडाच्या पायऱ्यांवर एवढी गर्दी लोटली, की पर्यटक काही तास जागीच खोळंबले. ना वर जाता येत होते, ना खाली. त्याच लोहगडासह बारा किल्ल्यांना ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. गड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत, भोवतालचे जंगल वन खात्याचे, पायथ्याचा रस्ता आणखी कोणाचा. पावसाळ्यातल्या एका रविवारी त्या दरवाजांतून किती माणसांना सोडायचे आणि पुढच्यांना पायथ्याशी कोणी थांबवायचे, हे या तिघांनी मिळून जूनपूर्वी ठरवायला हवे.