जिलेटने रेझर फुकट वाटले नव्हते

१/ सेफ्टी रेझरकडे वळू पाहणाऱ्या तरुणांना एक आख्यायिका हमखास ऐकवली जाते : किंग कॅम्प जिलेटने रेझर जवळजवळ फुकट वाटले आणि पैसा पात्यांवर कमावला. इतिहास नेमका याच्या उलट आहे.

२/ १९०४ साली त्याला अमेरिकन पेटंट मिळाले तेव्हा रेझरची किंमत ५ डॉलर होती; कामगाराच्या आठवड्याच्या मजुरीचा साधारण तिसरा हिस्सा. (इतक्या पातळ पोलादाला धार लावण्याचे तंत्र विल्यम निकरसन या अभियंत्याचे. त्याचे नाव मात्र कोणी घेत नाही.) १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली, स्पर्धक दारात उभे राहिले, तेव्हा कुठे कंपनीने स्वस्त रेझर काढला.

३/ त्या मुदतसमाप्तीचा लाभ आजही आपल्याला मिळतो. दुधारी पाते कोणा एकाच्या मालकीचे उरले नाही. एका कंपनीचे पाते दुसरीच्या रेझरमध्ये बसते, आणि आपल्याकडे ते किराणा दुकानातही मिळते. कार्ट्रिजला हे स्वातंत्र्य नाही. म्हणूनच नवशिक्याने महागड्या संचामागे धावणे मला व्यर्थ वाटते.

४/ तीन सुट्ट्या भागांचा साधा रेझर घ्यावा. कड दातेरी नको, सलग हवी; पाते फार बाहेर डोकावणारे नसावे. ब्रश आणि साबण साधेच चालतील. पाती मात्र दोन-तीन कंपन्यांची आणावीत, कारण एकाला मानवलेले पाते दुसऱ्याचा गाल ओरबाडते. आणि हात दाबू नये. रेझरचे वजन पुरते.