रंगाच्या ट्यूबवर हिरवा ठिपका नसतो



चातुर्मास आला की आपल्यापैकी अनेकींच्या घरी रंगांचा डबा बाहेर निघतो. कुणी कल्पसूत्राच्या जुन्या पोथ्यांसारखी लघुचित्रं काढतं, कुणी अष्टमंगल, तर कुणी तीर्थंकरमातेची स्वप्नं (कुणाकडे चौदा, कुणाकडे सोळा!). मग ठरलेला प्रश्न येतो. क्लासमध्ये सांगितलेला अमुक कंपनीचा रंग आपल्या गावात मिळत नाही किंवा परवडत नाही, तर त्याऐवजी दुसऱ्या कंपनीचा कोणता घ्यायचा?

माझं मत स्पष्ट आहे. ट्यूबवरचं नाव बघून रंग घेऊ नका, मागचा क्रमांक बघून घ्या. आणि तो क्रमांक छटा जुळवण्यापुरता वाचू नका, आपल्या व्रतासाठीही वाचा.

नाव प्रत्येक कंपनी आपल्या सोयीनं ठेवते. पण चांगल्या रंगांच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो, तो जगभर एकच. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, मग कंपनी कोणतीही असो. पंधराव्या शतकातल्या पोथ्यांमध्ये जी निळी पार्श्वभूमी दिसते, ती लाजवर्द दगडाची. १८२८ मध्ये फ्रान्समध्ये तेच द्रव्य कृत्रिम रीतीनं बनवायची पद्धत सापडली आणि तेव्हापासून हा निळा सर्वांच्या आवाक्यात आला. त्यामुळे निळ्यासाठी महागड्या ट्यूबचा हट्ट नको. नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेलं असेल तर तो मूळ द्रव्याचा नाही, त्या छटेची नक्कल आहे, एवढं समजा. ती वाईट असतेच असं नाही. पण आत काय आहे ते क्रमांकच सांगतो.

आता खरा मुद्दा. ‘आयव्हरी ब्लॅक’ हे नाव वाचून हस्तिदंत आठवतो. आज त्यात हस्तिदंत नसतो, पण पीबीके ९ हा क्रमांक असेल तर तो जनावरांची हाडं जाळून केलेला काळा असतो. म्हणजे तीर्थंकरांच्या चित्राची रेघ आपण हाडांच्या कोळशानं ओढतो! याला पर्याय सोपा आहे. पीबीके ६ किंवा पीबीके ७ म्हणजे काजळी, पीबीके ११ म्हणजे लोहाचा काळा. हाडांचा काळा किंचित तपकिरी झाक देतो, काजळी थोडी थंड आणि जास्त जोरकस असते. म्हणून काजळी कमी घ्या आणि त्यात बर्न्ट अंबरचा (पीबीआर ७) एक टिपका मिसळा. पेन्स ग्रे आणि सेपियासारखे मिश्र रंगही तपासा, काही कंपन्या त्यांतही पीबीके ९ घालतात.

‘कार्माइन’ नावाखाली एनआर ४ असेल तर तो कोचिनील किड्यांपासून काढलेला लाल. त्याऐवजी पीव्ही १९ घ्या, तो उन्हातही जास्त टिकतो. हिंगुळाचा लाल, म्हणजे पीआर १०६, यात जीव नाही, पण पारा आहे. पाठशाळेतल्या मुलांच्या हातात तो नको. त्याच्या जवळ जाणारा पीआर २५५ मिळतो.

क्रमांकात न दिसणाऱ्या दोन गोष्टीही विचारा. बहुतेक जलरंग बाभळीच्या जातीच्या डिंकात घोटलेले असतात, पण सेनेलिए आणि एम. ग्रॅहम या कंपन्या त्यांच्या जलरंगांत मध वापरतात. मधाचा त्याग तर आपल्या मूलगुणांतच सांगितला आहे. आणि ब्रश! सेबल म्हणजे मुंगसासारख्या एका प्राण्याच्या शेपटीचे केस, जुन्या लघुचित्रांची कलम खारीच्या केसांची. आज कृत्रिम धाग्याचे बारीक ब्रश छान मिळतात.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला : “रंग काही आपण खात नाही.” खरं आहे. पण मिठाईवरचा वर्ख कसा कुटतात हे आपण विचारतो, पर्स चामड्याची आहे का तेही बघतो. हिंसा कृत, कारित आणि अनुमोदना अशा तिन्ही वाटांनी लागते, असं लहानपणापासून ऐकलं आहे. विकत घेणं यांतल्या कोणत्या वाटेवर येतं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पर्याय हाताशी असताना न विचारणं मला तरी पटत नाही.

दुसरा आक्षेप : “परंपरेतले रंग शुद्धच असणार.” तसं नाही. लाखेचा लाल किड्यापासूनच येतो. पेवडी आंब्याची पानं खाऊ घातलेल्या गाईंच्या मूत्रापासून करत. आज ‘इंडियन यलो’ नावाची जी ट्यूब मिळते, ती पूर्ण पर्यायी द्रव्यांची असते आणि कुणाचं काही अडत नाही. कांदा-लसणाशिवाय आपला स्वयंपाक अडतो का? बटाट्याऐवजी कच्चं केळं घालताना आपण त्या भाजीला कमी लेखत नाही. मग रंगाच्या बाबतीत ‘ओरिजिनल’चा आग्रह का?

पर्याय घेतल्यावर लगेच पोथीच्या पानाला हात लावू नका. त्याच कागदाच्या तुकड्यावर एक दाट पट्टी आणि एक पातळ पट्टी ओढा, पूर्ण वाळू द्या आणि दिवसाच्या उजेडात बघा. ओला रंग फसवतो. मग पट्टी अर्धी झाकून खिडकीत महिनाभर ठेवा. उघडा भाग फिका पडला तर तो रंग चित्रात नको.

आणि दुसरीच्या चित्राकडे बोट दाखवायला हा क्रमांक वापरू नका. तिनं भावानं काढलेल्या चित्राला आधी वंदन करा. क्रमांकाची गोष्ट पुढची खरेदी होईल तेव्हा सांगा. पाठशाळेसाठी एकत्र रंग आणणार असाल तर यादीत नावापुढे क्रमांकही लिहा. ज्या डब्यावर क्रमांक छापलेलाच नाही, त्या कंपनीला एक पत्र पाठवा. दहाजणींनी विचारलं तर त्यांनाही उत्तर तयार ठेवावं लागेल.