शरीराला हुकूम सोडता येत नाही

सातारा, सांगली, अहिल्यानगर किंवा बुलढाणा, कोणत्याही तालुक्याच्या रस्त्याने पहाटे प्रवास केला तर डांबरी सडकेच्या कडेने धावणारी मुले दिसतात. भरतीत सोळाशे मीटर धावायचे असते, त्याची ही तयारी. त्यांच्या जिद्दीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु यांच्यापैकी एखादा उद्या लेहच्या विमानतळावर उतरेल, तेव्हा त्याला मिळणारा पहिला हुकूम कोणता असेल? धावण्याचा नव्हे, विश्रांती घेण्याचा! पहिले दोन दिवस त्याने थोडेसे फिरावे, एवढीच मुभा. नंतर सपाटीवर हळूहळू चालणे, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी थोडी चढण. नऊ ते बारा हजार फुटांच्या टप्प्यात सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांच्या टप्प्यात चार दिवस आणि त्याहून वर आणखी चार दिवस, असे चौदा दिवस काढल्यावाचून जवानाला हिमनदीवरच्या चौकीकडे धाडले जात नाही.

दूरचित्रवाणीवर रात्री नऊ वाजता 'उद्याच सैन्य घुसवा' म्हणून गर्जना करणाऱ्यांना हे चौदा दिवस ठाऊक असतात काय, अशी शंका मला नेहमी येते. शौर्याविषयी बोलताना आपण सारेच जवानाला पोलादाचा पुतळा समजून बोलतो. तो हाडामांसाचा आहे, आणि त्या हाडामांसाचे काही नियम आहेत.

लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फुटांचे. सह्याद्रीतला काटक गडी तेथे पोहोचतो तेव्हा त्याच्या शरीराने असे काही पूर्वी अनुभवलेलेच नसते. हवेतील प्राणवायूचे प्रमाण उंचीवरही तेवढेच राहते, घटतो तो हवेचा दाब. अठरा हजार फुटांवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. शरीर पहिला उपाय करते तो श्वास वाढविण्याचा. त्यामुळे कर्बवायू अधिक बाहेर पडून रक्ताचा रासायनिक तोल ढळतो आणि तो सावरण्यासाठी मूत्रपिंडांना काही दिवस खपावे लागते. तांबड्या पेशी वाढविण्याचा निरोप काही तासांतच निघतो, पण त्या पुरेशा वाढायला आठवडे जातात. सर्वांत घातक घटना मात्र फुप्फुसांत घडते. प्राणवायू कमी पडताच तेथील रक्तवाहिन्या आकसतात व त्यांतील दाब चढतो. थंडीने तो आणखी चढतो, कष्टाने त्याहून अधिक. ही तिन्ही कारणे एकत्र आली की बारीक वाहिन्यांतून द्रव पाझरून फुप्फुसे भरू लागतात. जेथे पिण्याचे पाणीही बर्फ वितळवून मिळवावे लागते, तेथे धडधाकट जवान आतल्या आत बुडतो.

तंदुरुस्ती हे यावरचे कवच नाही. उलट, अंगात रग असलेला पोरगा डोकेदुखी लपवतो, सोबत्यांच्या पुढे राहण्यासाठी ओझे उचलून भरभर चढतो आणि तोच पहिल्यांदा कोसळू शकतो. म्हणून या प्रशिक्षणातला पहिला धडा स्वतःचे दुखणे वेळेवर सांगण्याचा असावा लागतो. आपल्या मर्दानगीच्या कल्पनेत हे सहजासहजी बसत नाही, हे मान्य.

हे ज्ञान आपल्याला फुकट मिळालेले नाही. १९६२ मध्ये मैदानी प्रदेशातील पलटणी घाईघाईने थेट उंचीवर नेल्या गेल्या. कित्येकांच्या अंगावर सुती गणवेश होते. यशवंतरावांना दिल्लीचे बोलावणे आले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या जवानांना शत्रूआधी जे गाठत होते, त्यावर उपाय लोकरीच्या कपड्यांचा आणि दोन आठवड्यांच्या सबुरीचाच होता. त्या काळात आजारी पडलेल्या जवानांवर उपचार करताना इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी बारकाईने नोंदी ठेवल्या. फुप्फुसांत पाणी होण्याच्या विकारावरील त्यांचा लेख १९६५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि १९६९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १,९२५ जवानांच्या पर्वतीय आजाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या विषयाच्या अभ्यासकांना तो आजही टाळता येत नाही. जगाला मिळालेल्या या शास्त्राचे मोल आपल्या जवानांनी चुकते केले आहे.

उंचीइतकीच थंडीही दगा देते. रक्त अंतर्भागात राखण्यासाठी शरीर बोटांचा व पावलांचा पुरवठा तोडते. हिमदंश तेथूनच सुरू होतो. कुडकुडण्याने शरीरातील उष्णता चार-पाच पटींनी निर्माण होऊ शकते, परंतु त्यासाठी अन्नाचे इंधन लागते, आणि उंचीवर भूक नेमकी मरते. तहानही मंदावते, लघवी मात्र वाढते. रक्त दाट होते, गाठी होण्याचा धोका वाढतो. गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये किंवा सियाचीनच्या तळावरील बॅटल स्कूलमध्ये बर्फाच्या भिंती चढायला शिकवतात, तेव्हा घाम हाही शत्रू मानावा लागतो. चढताना कपडे भिजले आणि माणूस थांबला, की तोच घाम अंगातली ऊब खेचून नेतो. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की प्रथम जाते ती विचारशक्ती, आणि आपण गोठत आहोत हे गोठणाऱ्यालाच कळेनासे होते. गलवानमध्ये २० जवान धारातीर्थी पडले ते जून महिन्यात. तरीही गंभीर जखमी झालेले १७ जण शून्याखालील तापमानात सापडले होते, असे लष्कराने आपल्या निवेदनात सांगितले.

बरे, चौदा दिवसांनी शरीर जुळते म्हणजे कायमचे जुळते, असेही नाही. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये भारतीय डॉक्टरांनी २१ जवानांची हकिगत मांडली. एकोणीस ते बावीस हजार फुटांवर काही आठवडे राहिल्यावर त्यांच्या हृदयाची उजवी बाजू थकली, अंगावर सूज आली. खाली आणल्यावर ती माणसे सुधारली. १३ एप्रिल १९८४ पासून आपण सियाचीनवर उभे आहोत. तेथून मागे हटावे असे मी मुळीच म्हणत नाही. पण तेथे पलटण उभी ठेवणे म्हणजे माणसे सतत बदलत ठेवणे, हा खर्च अटळ आहे, आणि तो देशाने बिनतक्रार केला पाहिजे.

येथे मनाला खटकते ती गोष्ट सांगितली पाहिजे. २०२० च्या फेब्रुवारीत संसदेत मांडल्या गेलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने उंचावरील जवानांच्या बर्फाच्या चष्म्यांची टंचाई दाखवली, बुटांची खरेदी रखडल्याने जुनेच बूट पुन्हा वापरात आणावे लागल्याचे नोंदवले, आणि काही बाबतीत आहारातील उष्मांक ८२ टक्क्यांपर्यंत घटल्याचे म्हटले. त्याच वर्षी लडाखमध्ये हजारो जादा जवान उभे करावे लागले आणि थंडीचे पोशाख अमेरिकेकडून तातडीने आणावे लागले. पुढे, डिसेंबर २०२१ मध्ये, डीआरडीओने विकसित केलेल्या तीन पदरी पोशाखाचे तंत्रज्ञान पाच भारतीय कंपन्यांना देण्यात आले, ही समाधानाची बाब. ते घडायला सियाचीनच्या मोहिमेनंतर ३७ वर्षे का लागली, हा प्रश्न कोणत्या एका सरकारला विचारण्याजोगा नाही. तो सर्वांनाच विचारला पाहिजे.

२०१६ च्या हिमप्रपातात सोनम चौकीवर गेलेल्या दहा जणांत साताऱ्याचा एक जवान होता. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सियाचीनवर कर्तव्य बजावताना गेलेला अग्निवीर बुलढाण्याचा. त्यांच्या गावांतील रस्त्यांवर मुले आजही पहाटे धावत असतील. यांच्यातलाच कोणी पुढे गणपतीला रजा काढून घरी येईल. दहा दिवसांहून अधिक काळ खाली राहिला, तर परत गेल्यावर त्याला पुन्हा काही दिवस लेहला थांबावे लागेल; कारण गावच्या हवेत त्याच्या शरीराने कमावलेले बरेचसे गमावलेले असते. त्याच्या घरच्यांना हे थांबणे आळसाचे वाटू नये, आणि हे दिवस घाईपायी कापण्याचा मोह त्याच्या वरिष्ठांनाही होऊ नये.