अक्कदी भाषा आणि तिचीं चिन्हें

बाबिलोन व असुर देश यांची प्राचीन भाषा जी अक्कदी, ती शिकणाऱ्यानें कीलाक्षरांच्या नादीं लागूं नये. विद्वानांनीं रोमन लिपींत उतरवून ठेविलेले पाठ वाचले म्हणजे काम भागतें, असें एक मत विद्यार्थ्यांच्या कानीं पडत असतें. हें मत सोयीचें आहे, यांत शंका नाहीं. तें खरें मात्र नाहीं.

डोंगराच्या चित्रापासून निघालेलें एकच चिन्ह घ्या. तें 'कुर्', 'मत्', 'शत्', 'लत्' असे निरनिराळे उच्चार धारण करतें. शिवाय एकटें आलें असतां 'मातु' म्हणजे देश, 'शदू' म्हणजे पर्वत, प्रसंगीं 'जिंकणें' या क्रियापदाचेंही काम करतें. यांपैकीं काय घ्यावयाचें हें मातीच्या पाटीवर लिहिलेलें नसतें. वाचणाऱ्यानें तें ठरवावयाचें असतें. रोमन पाठांत हा निवाडा आधींच होऊन गेलेला असतो. अक्षरांखालीं बारीक आंकडे छापून मूळ चिन्हाची खूण ठेवतात, हें खरें. पण ज्याला चिन्हेंच ठाऊक नाहींत त्याच्याशीं ते आंकडे काय बोलणार?

पुढें पाहा. 'इ-कु-नु' अशीं तीन चिन्हें आलीं. ही लिपि स्वराचें दीर्घत्व व व्यंजनाचें द्वित्व पुष्कळदां दाखवीत नाहीं. म्हणून 'इकुन्नू' (ते स्थिर होतात) कीं 'इकूनू' (ते स्थिर झाले), हें संदर्भावरून ठरवावें लागतें. संस्कार करून छापलेल्या पाठांत एकच रूप दिसतें, आणि येथें काळाविषयीं वाद संभवतो हेंही वाचकाला कळत नाहीं. मोडी कागदांच्या बालबोध नकला ज्यांनीं मुळाशीं ताडून पाहिल्या आहेत, त्यांस हें निराळें सांगावयास नको.

रोमन पाठांच्या विश्वसनीयतेसाठीं १८५७ सालची परीक्षा पुढें करण्यांत येते. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनें पहिल्या तिग्लथ-पिलेसरच्या लेखाचीं रॉलिन्सन, हिंक्स, टॉल्बट व ऑपर्ट यांचीं स्वतंत्र भाषांतरें ताडलीं. तीं पुष्कळ अंशीं जुळलीं. ठीक, पण त्या चौघांपुढें मूळ चिन्हें होतीं! एकानेंच केलेला पाठ चौघांच्या हातीं दिला असता, तर त्या जुळण्याची किंमत काय उरली असती?

राहिला सहाशें चिन्हांचा बागुलबुवा. तुर्कस्तानांत कुलतेपे येथें ज्यांचीं हजारों पत्रें सांपडलीं, त्या असुर व्यापाऱ्यांचा पत्रव्यवहार शंभर-सव्वाशें चिन्हांवर चाले. हम्मुराबीच्या कायद्यांची नक्कल समोर ठेवून आठवड्याला दहा चिन्हें हातानें गिरविलीं, तर तीन महिन्यांत विद्यार्थी, निदान संख्येपुरता, त्या व्यापाऱ्यांच्या पंक्तीला बसतो. व्याकरण तोंवर थांबून राहत नाहीं. तें बरोबरच चालतें.