मशिदीतलं पोर

जुम्याला बाप चार वर्षांच्या पोराला मशिदीत आणतो. खुतबा चालू असताना पोर सफांमधून पळतं. सलाम फेरताच कोणीतरी सगळ्यांदेखत बोलतो, "आवरता येत नाही तर आणता कशाला? घरी काही शिकवता की नाही?" बापाची मान खाली. पुढच्या जुम्याला तो एकटाच येतो.

प्रेषित मुहम्मद (स.) लांब नमाज पढवण्याच्या इराद्याने उभे राहत, पण मूल रडताना ऐकू आलं, की आईचा जीव कासावीस होईल म्हणून नमाज आटोपती घेत. बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत ही हदीस आहे. नात उमामा हिला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढवली. सजद्याच्या वेळी तिला खाली ठेवत, उठताना पुन्हा उचलून घेत.

शिस्त हवीच. नमाजींसमोरून धावणाऱ्या पोराचा हात धरा, बापाला नंतर बाजूला घेऊन सांगा. पण "घरी शिकवता की नाही" यात शिस्त कुठली? तो त्या घराविषयीचा गुमान झाला, आणि सूरह हुजुरातच्या 12 व्या आयतीत गुमानापासून जपायला सांगितलं आहे. पोराची आई कदाचित आजारी असेल, घरी ठेवायला कोणी नसेल.

खिशात दोन खजूर ठेवून पाहा. पोर तुमच्याच शेजारी येऊन बसेल.