दुर्बिणीच्या खोक्यावरचे ‘५२५ पट’ किती खरे?

हिंगोली : औंढा नागनाथ तालुक्यातील २,६०० कोटींच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्राने एप्रिल २०२३मध्ये मंजुरी दिली. तिथे गुरुत्वीय लहरी टिपल्या जातील. चंद्र, शनी पाहायला मात्र घरची छोटी दुर्बीण पुरते. ती घेताना अनेक जण खोक्यावरच्या ‘५२५ पट’ आकड्याला भुलतात.

हा आकडा येतो कुठून?
दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (फोकल लेंथ) आयपीसच्या नाभीय अंतराने भागले की विशालन मिळते. ७०० मिमीच्या दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस लावला तर २८ पट, १० मिमीचा लावला तर ७० पट. ४ मिमीचा आयपीस आणि तिप्पट बार्लो लेन्स जोडली की ५२५ पट!

मग अडचण काय?
भिंगाच्या व्यासाच्या (मिमीमध्ये) साधारण दुप्पट, ही उपयुक्त विशालनाची मर्यादा. ७० मिमी भिंगाला १४० पट. त्यापुढे चित्र मोठे होते, पण अंधूक आणि धूसर.

काय घ्यावे?
२५ व १० मिमीचे आयपीस आणि दुप्पट बार्लो. २८, ५६, ७०, १४० अशा चार पायऱ्या मिळतात. शनीची कडी ७० पटीतही दिसतात.

दुकानात आधी भिंगाचा व्यास विचारा. पहिल्याच रात्री शनी धूसर ठिपका दिसला, तर दुर्बीण माळ्यावर जाते आणि मुलाची हौसही.