तंबाखू सोडा म्हणता, मग माल घेणार कोण?

३१ मे आला की उपदेश सुरू, तंबाखू सोडा, धान्य पिकवा. २०२३ साली तर जगभर हीच घोषणा होती. पीक घातक हाय, मान्य. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून अंगात जातं, चक्कर येते, उलट्या होतात, हे राबणाऱ्याला शिकवायला नको. पण सोडून विकायचं काय, अन् कुणाला?

केनियात मिगोरी भागातल्या शेतकऱ्यांनी तंबाखू सोडून जास्त लोह असलेला घेवडा लावला. नुसत्या भाषणानं न्हाई. जागतिक अन्न कार्यक्रम तो घेवडा विकत घ्यायला उभा राहिला, म्हणून.

आपल्याकडं व्हर्जिनिया तंबाखूला तंबाखू मंडळाचा लिलाव तरी हाय. आमच्या निपाणी भागातल्या बिडी तंबाखूला तोही न्हाई. व्यापारी म्हणेल तो भाव. १९८१ साली रास्त भाव मागितला तर पोलिसांचा गोळीबार झाला, १२ शेतकरी गेले.

कृषी अधिकारी साहेब, पर्यायी पिकांच्या याद्या लई झाल्या. त्या यादीत प्रत्येक पिकापुढं खरेदीदार अन् भाव लिहून द्या. पुढच्या हंगामात तंबाखूचं एक रोप लावणार न्हाई.